आत्याचा दूधभाऊ

भाऊबीजेच्या संध्याकाळी आधी चंद्राला ओवाळायचं आणि मग भावाला, ही पद्धत घरोघरी आहे. बहुतेक घरांत चंद्राचं काम मिनिटभरात उरकतात. ताट आभाळाकडे दोनदा फिरवायचं, चार अक्षता उडवायच्या आणि घरात यायचं, कारण खरा भाऊ पाटावर भुकेला बसलेला असतो. आमच्याकडे सगळंच उफराटं. माझी आत्या चंद्रालाच ओवाळत राहायची आणि माझे बाबा पाटावर ताटकळत बसायचे.

त्या दिवशीचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर. सूर्य गेला की तासाभरात तीही मावळते. त्यामुळे दुपारपासून आत्याची नुसती लगबग. "आटपा वं, चांद बुडून जाईन," म्हणत ती माझ्या आईच्या मागे लागायची. चंद्र हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही, चांदच म्हणायची. तेव्हा आम्ही नागपुरात महाल भागात राहत होतो. गच्चीवरून पश्चिमेला दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधे जेवढं आभाळ दिसायचं तेवढंच आमच्या वाट्याचं. तिथे कोर दिसली की आत्या कुंकवाचं बोट पुढे करायची, कोणाच्या तरी कपाळाच्या उंचीवर ते टेकवायची, सुपारी-अंगठी ओवाळायची, मग निरांजन. ओठांत काहीतरी पुटपुटायची. आणि कोर दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलायची नाही. मला खाली जाऊन फटाके उडवायचे असत. "आत्या, चंद्र काय पळून जातो का?" असं मी एकदा चिडून विचारलं. "जातेच न बाप्पा. म्हनून तं उभी आहो," ती म्हणाली.

बाबा मात्र कधी कुरकुरले नाहीत. नवी टोपी घालून पाटावर बसून राहायचे. आत्या खाली आली की त्यांना रीतसर ओवाळायची, करंजी भरवायची, वर्षभराची खरडपट्टीही तेव्हाच काढायची. त्यात काही कमी होतं असं मला लहानपणी कधी वाटलं नाही.

आत्या बाबांची मोठी बहीण. आई वेगळी, बाप एक. तिला उमरेडला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा बाबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. मला कळायला लागल्यापासून ती आमच्याच घरात आहे. मला आईपेक्षा तिनंच जास्त वाढवलं, असं माझी आई म्हणायची, कधी कौतुकानं आणि कधी दुसऱ्या सुरात. विधवेनं ओवाळू नये असं सांगणारी माणसं तेव्हा भरपूर होती. भाऊबीजेच्या बाबतीत आत्यानं त्यांच्यापैकी कोणाचंही ऐकलं नाही.

चंद्राच्या जागी ती कोणाला पाहते हे घरात गुपित नव्हतं. तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना ती आपणहून सांगायची. बाबा तेवढ्यात चप्पल घालून बाहेर निघून जायचे.

आम्ही विणकर. आजोबा हातमागावर लुगडी विणत. त्यांचं घर मोमिनपुऱ्याच्या अगदी कडेला, आणि पाठीला पाठ लावून एका मुसलमान मोमिनाचं घर. तोही विणकरच. दोघांच्या मागांचा खटखटाट एकमेकांच्या घरात ऐकू यायचा. एकाचा माग बंद पडला की दुसरा भिंतीपलीकडून हाक मारायचा, "काय झालं गा?" आजोबांची पहिली बायको आत्याच्या वेळच्या बाळंतपणात गेली. हे पोर काही जगत नाही, असं सुईण सांगून मोकळी झाली. त्या मोमिनाच्या बायकोला नुकताच मुलगा झाला होता. ती ओली बाळंतीण उठून आली, कोणाला काही विचारलं नाही, पोरीला उचललं आणि पदराखाली घेतलं. आत्याच्या भाषेत, "एका बाजूनं तो, एका बाजूनं मी."

ती तिला अम्मा म्हणायची. त्यांच्या धर्मात दूध पाजलं की ती आई होते आणि तिची सगळी मुलं सख्खी भावंडं होतात. उद्या त्या दोघांचं लग्नसुद्धा लागू शकत नाही इतकी सख्खी. आपल्याकडे असं काही लिहून ठेवलेलं नाही, पण आजोबांनी ते मानलं. भाऊबीजेला अम्माच आपल्या मुलाला मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्याच्या काठावर बसवायची आणि दटावायची, "सीधा बैठ, बहन आरती करेगी." तो ओवाळून होण्याआधीच ताटातली साखर खाऊन टाकायचा. हे सांगताना आत्याला ऐंशीव्या वर्षीही त्याचा राग यायचा.

स्वातंत्र्य आलं तेव्हा ती पाच-सहा वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच, की कागदी झेंडे घेऊन पोरं गल्लीत धावत होती आणि कोणीतरी लाडू वाटत होतं. तो रांगेत दोनदा लागला म्हणून त्याला दोन मिळाले, हिला एक. ती रडली तेव्हा अम्मानं त्याचा अर्धा मोडून हिला दिला. पाकिस्तान नावाचं काही झालंय हे तिनं ऐकलं होतं. ते कामठीच्या पलीकडे कुठेतरी असेल, तिथे गेलेलं माणूस संध्याकाळी परत येत असेल, असा तिचा समज होता, कारण मोमिनपुऱ्यातले लोक कामठीला गेले की संध्याकाळी परत यायचे.

आमच्या गल्लीत कोणी कोणाला मारलं नाही, कोणाचं घर जाळलं नाही. पंधरा ऑगस्टला आमच्या आताच्या मनीषनगरच्या सोसायटीत झेंडावंदन होतं, मग कोणीतरी फाळणीच्या जखमांवर घसा ताणून बोलतं, आणि मला दरवर्षी उठून जावंसं वाटतं. आमच्या घरातलं फाळणीत कोणी मेलं नाही. त्यामुळे आमच्याकडे कोणी कधी काही विचारलंही नाही.

अम्माच्या नवऱ्याचा थोरला भाऊ आधीच कराचीला गेला होता. तिकडे गिरणीत काम आहे, या, असे निरोप येत होते. हा तयार नव्हता. मग एक दिवस, ज्याच्याबरोबर तो वर्षानुवर्षं चहा प्यायचा त्या ओळखीच्या माणसानं सहज विचारलं, "तुम्ही लोक कवा जाता?" भांडण नाही, टोमणा नाही, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं. तो घरी आला आणि मागावर बसलाच नाही. जाणार का, हे आता कोणी विचारतच नाही, सगळ्यांनी धरूनच टाकलंय, असं त्यानं आजोबांना सांगितलं. आजोबांनी त्याला थांब म्हटलं. पण जरा हळू आवाजात म्हटलं, हे आत्याचं म्हणणं. ती तेव्हा दारात बसली होती आणि तिला ते ऐकू आलं नव्हतं, फक्त बापाचे ओठ हलताना दिसले होते.

जाण्याआधी अम्मानं आजोबांकडे पोरगी मागितली. आजोबा हात जोडून उभे राहिले. तोवर त्यांचं दुसरं लग्न झालं होतं, माझी आजी घरात आली होती. पोरीला सांगितलं गेलं की अम्माकडचे सगळे मुंबईला लग्नाला चाललेत. त्या मुलालाही तेच सांगितलं असावं, कारण तो जाताना खुशीत होता. अम्मानं मात्र हिला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "हर महीने नया चाँद हम उधर से देखेंगे, तू इधर से देखना." त्यांच्या घरात महिना सुरू होताना तो चंद्र बघायचाच असतो, तिला त्यात काही वेगळं वाटलं नसेल. हिनं ते पक्कं धरलं. भाऊबीजेची कोर आणि त्यांच्या महिन्याचा चंद्र एकच. पुढच्या भाऊबीजेला ही सहा-सात वर्षांची पोर ताट घेऊन एकटीच माडीवर गेली. बाबांचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे बाबा पाटावर बसण्याएवढे झाले तेव्हा चंद्राचा नंबर आधीच लागून गेला होता.

आता आम्ही मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी मुदतीआधीच निवृत्ती घेतलीय. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं भलं करण्याची खाज सुटते, तशी मलाही सुटली. आत्याचे गुडघे गेलेले, नजर अंधूक. लिफ्टनं गच्चीवर नेलं तरी ती मलाच विचारायची, "दिसून राहिला का रे?" मी हो म्हटलं की ती तिकडे ताट फिरवायची. मला वाटलं, फोनवर चेहरे दिसतात आता. हिला एकदा भावाचं तोंड दाखवावं. हिनं एकदा तरी खऱ्या कपाळासमोर निरांजन धरावं. तिच्या हातात फार वर्षं उरलेली नव्हती.

माझ्या ऑफिसातला एक मित्र मोमिनपुऱ्याचा. त्याच्या बहिणीचे सासरचे काही लोक कराचीत आहेत. चहा पिताना मी विषय काढला. त्यानं कप खाली ठेवला. "आजकल उधर की बात करना... सोच ले यार," म्हणाला. पण त्याला आत्या माहीत होती, तिच्या हातची पुरणपोळी त्यानं खाल्ली होती. त्यानं शोध घ्यायचं कबूल केलं.

मी मोठ्या हौसेनं बाबांना सांगितलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

"राहू दे ते," म्हणाले.

"काहून?"

"तुह्या पोराची मौद्याले सरकारी वीज केंद्रात नोकरी आहे. पाकिस्तानात फोन करून राहिला तू. अक्कल आहे का?"

मी मूळचा तापट. मी म्हटलं, तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज वाचून वाचून त्यांच्यासारखेच झालात. आजोबांचं घर कोणाच्या भिंतीला टेकून उभं होतं ते विसरलात. बाबांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

दिवाळीच्या तोंडावर मित्र घरी आला. आधी चहा नको म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यानं मला जिन्यात नेलं. आत्याचा भाऊ कधीच वारला होता. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं छाती गेली, पन्नाशीही पाहिली नाही. अम्मा त्याच्या नंतर काही वर्षांनी गेली. तिकडेच जन्मलेला एक धाकटा भाऊ मात्र आहे, आणि नागपूरची बहीण जिवंत आहे हे ऐकून तो फोनवरच ढसाढसा रडला.

मी बाबांना बाल्कनीत गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी कधी गेला विचारलं नाही, कशानं गेला विचारलं नाही. कुंडीतल्या तुळशीची वाळलेली पानं खुडत राहिले.

"मले माहीत आहे," ते म्हणाले.

मोमिनपुऱ्याचा एक कापडवाला नातेवाइकांना भेटून कराचीहून परत आला होता. त्यानं इतवारी बाजारात, सुपारीच्या दुकानापाशी, बाबांना थांबवून सांगितलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यानंतर मी नोकरीला लागलो, लग्न झालं, माझा मुलगा शिकून नोकरीला लागला. आणि दर भाऊबीजेला आत्या गच्चीवर जात होती, आणि बाबा खाली पाटावर बसून तिची वाट पाहत होते.

"आणि तुम्ही तिला जाऊ दिलंत?"

"वर्षातून एक दिवस ती पोरीसारखी होते," बाबा म्हणाले. "तो दिवस कसा काढून घेऊ?"

 मग तेच म्हणाले, "यंदा तिले वर नको नेऊ. मी सांगतो."

भाऊबीजेच्या संध्याकाळी आत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. ताट तयार होतं, निरांजन लावलं होतं. बाबा पाटावर बसले नव्हते, दारात उभे होते.

"गच्चीची किल्ली आणली का रे?" आत्यानं मला विचारलं.

"ताई, राहू दे," बाबा म्हणाले.

"काहून? ढग आहे का?"

"ढग नाही. तो नाही आता, ताई. तुहा भाऊ. गेला तो."

आत्यानं ताट खाली ठेवलं नाही. ते हातात तसंच धरून तिनं विचारलं, "कवा?"

"लय वर्षं झाले."

"तुले आज समजलं?"

हो म्हणा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. आजच कळलं म्हणा, एवढं खोटं चालेल. पण बाबांचं आयुष्यभराचं खोटं त्या दिवशी संपलं होतं बहुधा. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा कॉलेजात होता तवा."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. तिचं सगळं गणित तिथेच झालं. तिनं ताट जेवणाच्या टेबलावर ठेवलं, भिंत धरत न्हाणीघरात गेली आणि कडी लावली. माझ्या बायकोला वाटलं, रडायला गेली. मग पाण्याचा आवाज आला. तांब्यावर तांब्या.

आपल्याकडे जवळचं माणूस गेल्याची बातमी कितीही उशिरा आली तरी ती कानावर पडली की डोक्यावरून आंघोळ करायची असते. त्याच्या नावाची आंघोळ. ती होणं हा त्या गेलेल्या माणसाचा हक्क असतो, आणि ती ज्यांनी करायची ती माणसं ठरलेली असतात. आत्या नेसत्या लुगड्यानिशी, ऐन सणाच्या संध्याकाळी, थंड पाण्यानं ती करून बाहेर आली. लुगड्यातून पाणी गळत होतं. बायको टॉवेल घेऊन पुढे झाली तर तिनं हातानं दूर सारलं.

"मेलेल्याले ओवाळायले लावलं तू मले," ती बाबांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्याच्या आयुष्यासाठी दिवा घेऊन उभी राहत होती मी. आन त्याच्या नावाची आंघोळ नाही केली मी. एवढे वर्षं. इथं त्याचं कोनीच नव्हतं काय?"

बाबा घाबरून गेले होते. घाबरलेला माणूस नको तेच बोलतो. "ताई, आपल्यात त्याचं सुतक नसते गं," ते म्हणाले.

"मी दूध कोनाचं पेली?" आत्यानं विचारलं.

त्या दिवशी तिनं बाबांना ओवाळलं नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये भाऊबहिणींचे फोटो काढणं चालू होतं, हसण्याचे आवाज येत होते. आमच्या टेबलावरचं निरांजन तूप संपून आपोआप विझलं. कोणीच जेवलं नाही.

तीन दिवस ती देवाजवळ गेली नाही, जमिनीवर चटई टाकून झोपली. कराचीतल्या धाकट्या भावाचं मी तिला सांगून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "त्या धाकट्याले लाव फोन." मित्र दुपारी आला आणि त्याच्या फोनवर आम्ही लावला. पडद्यावर एक पांढऱ्या दाढीचा माणूस आला, डोळे आधीच सुजलेले. "आपा," म्हणाला आणि पुढे त्याला बोलताच येईना. मग म्हणाला, अम्मी आम्हा भावंडांची नावं मोजताना सगळ्यात आधी तुमचं घ्यायची. आत्या फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन त्याला न्याहाळत होती. अम्माचं काही त्याच्या चेहऱ्यात सापडतं का ते बघत असावी.

"वो चाँद देखता था क्या रे?" तिनं एकदम विचारलं.

तो गोंधळला. माझ्या मित्रानं मागून मान हलवून त्याला खुणावलं, हो म्हण म्हणून. पण त्याला ते दिसलं नसावं, किंवा तो सरळ माणूस असावा. "भाईजान? नहीं आपा. भाईजान को तो... अम्मी देखती थीं. हर महीने. भाईजान नहीं."

 मला त्या भल्या माणसाचा इतका राग आला, की फोन हिसकावून बंद करावासा वाटला. आत्याच्या ओठांवर मात्र हसू आलं. लहान भावाची चूक पोटात घालताना येतं तसं.

"त्याले अंधाराची भीती वाटे," ती मराठीतच म्हणाली. "माडीवर एकटा जायेच नाही तो. मी हात धरला तरच ये."

तिकडच्याला एक अक्षर कळलं नाही. तो डोळे पुसत "जी आपा, जी आपा" म्हणत राहिला.

फोन ठेवल्यावर माझ्या बायकोनं चाचरत सुचवलं, की यांच्या नियमानं हाही तुमचा सख्खा भाऊच, पुढच्या भाऊबीजेला याला फोनवर ओवाळा. "भाऊच आहे," आत्या म्हणाली. "पन आता माह्या हातानं नाही." आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

नंतरच्या एका सकाळी बाबा मला सोसायटीच्या बागेत फिरायला घेऊन गेले. ते स्वतःहून मला कुठे नेत नाहीत. बाकावर बसल्यावर म्हणाले, "ते पोरीसारखी होते म्हनून नाही सांगतलं, असं मी बोललो न, ते खोटं आहे." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या कापडवाल्यानं सांगतलं तवा मले वाईट नाही वाटलं. मले वाटलं, चला, आता मी एकटाच भाऊ. त्या वर्षी मी नवं धोतर घेतलं होतं भाऊबीजेले. मनात म्हनलं, तिले ठाऊक नसलं तरी आता पहिला दिवा माहाच." मग म्हणाले, "ती तरी वर जाऊन तेवढाच वेळ उभी राहिली."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं, माझा स्वभावच तो. पण शेजारी एक म्हातारा माणूस बसला होता, ज्यानं जन्मभर एका न पाहिलेल्या पोराशी स्पर्धा केली आणि ते पोर मेल्यावरही जो हरला. एका मोमिनाला कोणीतरी सहज एक प्रश्न विचारला, त्याचा हिशेब माझ्या बापाच्या पाटापर्यंत येऊन पोचला होता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि उठून चालायला लागले.

वर्षभर आत्या त्यांच्याशी बोलली नाही. दोघं एकाच सोफ्यावर बसून एकच मालिका बघायचे. जेवताना तिला भाजी त्यांच्याकडे सरकवायची असली तर मला सांगायची, "तुह्या बापाले विचार, पाहिजे का." बाबा तिच्यासाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन आले, तिनं बांधला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते दिवसातून एकदा तरी "ताई" म्हणून हाक मारायचे. उत्तर नाही आलं की जणू हाक मारलीच नाही असं दाखवत दुसरीकडे बघायचे. मी मधे पडायचा प्रयत्न केला. "तू कोनाच्या बाजूनं आहे?" असं तिनं विचारलं, आणि मला खरोखरच सांगता येईना.

यंदा भाऊबीजेला बाबांनी सकाळीच दाढी केली. दुपारी आम्ही नको नको म्हणत असताना माळ्यावरचा पाट काढायला लावला, स्वतः पुसला, हॉलमध्ये मांडला. ऊन उतरल्यावर टोपी घालून त्यावर जाऊन बसले. या वयात खाली बसायचं म्हणजे त्यांना दोन्ही हात टेकावे लागतात. आत्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. गच्चीवर जायचं नाव कोणी काढलं नाही. बाहेर अंधार पडला, कोरही एव्हाना मावळली असावी. "बाबा, उठा आता, पाठ धरेल," बायको म्हणाली.

"येईन ती," बाबा म्हणाले.

ती आली. भिंत धरत, हळूहळू, आणि हातात ताट नव्हतं. बाबांनी तिची चाहूल ऐकून टोपी सारखी केली. ती त्यांच्यासमोर वाकली, मी तिला दंडाला धरलं. तिनं उजव्या हाताची बोटं त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवली, अंधूक दिसणारी माणसं चाचपतात तशी, आणि मग ती त्यांच्या नाकाखाली आडवी धरली. मला आधी कळेना ती काय करतेय. मग कळलं. बाबांचा श्वास जोरात चालला होता. ती बोटं तशीच धरून उभी होती, अगदी खात्री होईपर्यंत.

"आहे," ती स्वतःशी म्हणाली.

आणि मग वर्षात पहिल्यांदा ती आपल्या भावाशी बोलली.

"तुह्या नावाची आंघोळ मी त्याच दिवशी करीन गा. उशीर नाही करनार."

एवढं बोलून ती भिंत धरत खोलीत परत गेली. बाबा बराच वेळ पाटावर तसेच बसून होते, टिळा लावून घेताना करतात तशी मान थोडी पुढे करून.